माणच्या ओढ्यांपासून उजनीपर्यंत

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याच्या पूर्व टोकाला, मुळा नदीच्या उत्तरेस आणि हिंजवडीला लागून वसलेले माण हे महसुली दप्तरात आजही एक गाव आहे, त्याचा कारभार ग्रामपंचायत चालवते आणि शिवारातील जुन्या भातखाचरांच्या नोंदी सातबाऱ्यावर अद्याप सापडतात. परंतु राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानाचा दुसरा आणि तिसरा टप्पा याच शिवारात पसरला असून शिवाजीनगरपर्यंत जाणाऱ्या सुमारे २३ किलोमीटर लांबीच्या मेट्रो मार्गाचे आगारही येथेच आहे. ज्या वस्तीची लोकसंख्या, इमारती आणि वाहने एखाद्या शहरासारखी आहेत, त्या वस्तीचे सांडपाणी, कचरा आणि पावसाचे पाणी यांची जबाबदारी मात्र मुळात काही हजार माणसांच्या गावासाठी घडवलेल्या व्यवस्थेवर येऊन पडली आहे. वेगवान आर्थिक वाढ आणि पर्यावरण यांच्यातील संघर्षाची चर्चा बहुधा कारखाना विरुद्ध जंगल अशा ढोबळ शब्दांत होते. माण, पिंपरी-चिंचवड आणि चाकण या पट्ट्यात हा प्रश्न निराळ्या रूपात दिसतो. येथे कायद्यांची उणीव नाही, पैशाचीही फारशी नाही. जी गोष्ट आधी यायला हवी ती शेवटी येते, आणि तिच्या न येण्याची किंमत नदीच्या खालच्या अंगाला राहणारे लोक भरतात.

हा पट्टा एका दिवसात उभा राहिला नाही. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी औषध कारखाना स्थापन झाला. पुढे १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या एमआयडीसीची, स्थापना झाल्यावर पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी येथील माळरानांवर भूखंड पडू लागले. टेल्को आणि बजाज ऑटो यांच्यासारखे मोठे कारखाने आले, त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या हजारो लहान कारखान्यांची साखळी तयार झाली, आणि मराठवाडा, विदर्भ, खानदेश, पश्चिम महाराष्ट्राचा दुष्काळी भाग व पुढे उत्तर भारत येथून कामगारांचा ओघ सुरू झाला. १९७० मध्ये चार गावे मिळून नगरपालिका झाली, १९८२ मध्ये तिची महानगरपालिका झाली आणि १९९७ मध्ये आणखी अठरा गावे तिच्या हद्दीत आली. १९९१ च्या जनगणनेत सुमारे ५ लाख १७ हजार असलेली शहराची लोकसंख्या २००१ मध्ये १० लाख १२ हजारांवर आणि २०११ मध्ये १७ लाख २७ हजारांवर गेली, म्हणजे वीस वर्षांत ती तिपटीहून अधिक झाली. जमीन महागली तसे वाहन उद्योग उत्तरेकडे सरकले: बजाज, महिंद्रा, फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांच्या प्रकल्पांमुळे, कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेले चाकण देशातील वाहननिर्मितीचे एक प्रमुख केंद्र बनले. त्याच सुमारास पश्चिमेकडे हिंजवडी आणि माण येथे संगणक क्षेत्रातील कंपन्यांची कार्यालये उभी राहिली.

विकसनशील प्रदेशांतील प्रदूषणाविषयी अर्थशास्त्रात एक विचार बराच काळ मानला गेला आहे. उत्पन्न वाढू लागले की आरंभी प्रदूषण वाढते, पण उत्पन्नाची एक पातळी ओलांडल्यावर समाज स्वच्छ हवा-पाण्याची मागणी करू लागतो, ती पुरवण्याइतका पैसाही त्याच्याकडे येतो आणि प्रदूषण उतरणीला लागते, असे हा विचार सांगतो. आलेखावर ही रेषा उलट्या ठेवलेल्या वाडग्यासारखी दिसते, आणि उत्पन्नातील विषमतेविषयी असाच आकार सुचवणारे अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्स यांच्या नावाने तिला पर्यावरणीय कुझनेट्स वक्र म्हणतात. या विचारातला व्यावहारिक संदेश सोपा आहे: आधी श्रीमंत व्हा, सफाई नंतर होईल.

पिंपरी-चिंचवड हे या विचाराची कसोटी पाहण्यासाठी फार योग्य ठिकाण आहे. कारखान्यांत येणाऱ्या कच्च्या मालावर आकारली जाणारी जकात हे २०१३ पर्यंत या महापालिकेचे प्रमुख उत्पन्न होते, आणि त्या बळावर आशियातील सर्वांत श्रीमंत महापालिका म्हणून ती वर्षानुवर्षे ओळखली गेली. रुंद रस्ते, उड्डाणपूल, उद्याने आणि नाट्यगृहे या पैशातून उभी राहिली. तरीही शहराच्या हद्दीतून सुमारे २४ किलोमीटर वाहणारी पवना याच काळात काळवंडत गेली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२२ मध्ये देशातील प्रदूषित नदीपट्ट्यांची जी यादी प्रसिद्ध केली, तिच्यातील ३११ पट्ट्यांपैकी ५५ महाराष्ट्रातील, म्हणजे कोणत्याही राज्यापेक्षा अधिक होते, आणि त्यांत मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी व भीमा या पुणे जिल्ह्यातील नद्यांचा समावेश होता. उत्पन्न वाढले की नदी आपोआप सुधारते हे गृहीतक येथे टिकत नाही.

जेथे सुधारणा झाली त्या ठिकाणांचा इतिहासही हेच सांगतो. जपानमधील किताक्युशू या पोलाद-शहरालगतचा दोकाई उपसागर १९६० च्या दशकात मृत्यूचा समुद्र म्हणून ओळखला जात होता. तेथील तोबाता भागातील गृहिणींच्या मंडळांनी आपल्या अंगणात पडणारी काजळी स्वतः मोजली, कारखान्यांपुढे आणि नगर प्रशासनापुढे पुरावे ठेवले, आणि त्यानंतर शहराने कारखान्यांशी बंधनकारक करार केले. वक्र तेथे खाली आला, कारण त्याला माणसांनी खाली ओढले.

नदी प्रदूषित झाली म्हणजे नेमके काय झाले, हे मोजण्याचे सर्वांत रूढ माप जैवरासायनिक प्राणवायू मागणी हे आहे. मैलापाण्यातील सेंद्रिय पदार्थ सूक्ष्मजीव खातात आणि ते खाताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. घाण जितकी अधिक तितकी प्राणवायूची ही मागणी अधिक, आणि मागणी पुरवठ्यापेक्षा वाढली की मासे गुदमरून मरतात. थेरगावच्या केजुबाई बंधाऱ्यावर मृत माशांचा खच पडल्याच्या बातम्या अनेकदा येतात, त्यामागे बहुधा हीच प्रक्रिया असते. स्नानायोग्य पाण्यात ही मागणी एका लिटरमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी, असा देशाचा निकष आहे, आणि तो ओलांडणारे पट्टेच उपरोक्त यादीत येतात.

ही घाण प्रामुख्याने कारखान्यांच्या धुराड्यांखालून येते असा सर्वसाधारण समज आहे. आकारमानाने पाहिले तर तिचा मोठा हिस्सा घरांतून येतो. नगररचनेच्या प्रचलित प्रमाणानुसार शहरातील माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी द्यावयाचे असते आणि पुरवलेल्या पाण्याचा सुमारे ८० टक्के भाग सांडपाणी होऊन बाहेर पडतो; म्हणजे नव्याने राहायला आलेल्या प्रत्येक एक लाख लोकांमागे रोज १ कोटी ८ लाख लिटर मैलापाणी तयार होते. हा आकडा कारखान्याचा भूखंड मंजूर होतो त्याच दिवशी कागदावर मांडता येतो, कारण किती रोजगार निर्माण होतील हे कंपनी स्वतःच अभिमानाने जाहीर करते. तरीही रोजगारांच्या त्या आकड्यावरून मैलावाहिनीचा व्यास ठरवण्याचे काम कोणत्याच कार्यालयाकडे सोपवलेले नसते. चाकण परिसरातील महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी, निघोजे या गावांत कामगारांसाठी शेतकऱ्यांनी भाड्याच्या खोल्यांच्या रांगाच्या रांगा बांधल्या, ज्यांच्याशिवाय वाहन उद्योग एक दिवसही चालू शकला नसता. त्या खोल्यांच्या मागील शोषखड्डे भरले की त्यांतील पाणी ओढ्यात आणि तेथून इंद्रायणीत उतरते. यात ना खोली बांधणाऱ्याची दुष्ट बुद्धी आहे, ना तेथे राहणाऱ्याची. ज्या मैलावाहिनीला त्याने आपला नळ जोडावा, ती वाहिनीच तेथे नाही.

मोठ्या गृहसंकुलांची स्थिती वरकरणी बरी दिसते. २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार २० हजार चौरस मीटरहून मोठ्या बांधकामाला पर्यावरणीय मंजुरी घ्यावी लागते आणि तिच्या अटींमध्ये संकुलाच्या आवारातच सांडपाणी प्रक्रिया केंद्र उभारणे समाविष्ट असते. केंद्र उभारले जाते. परंतु ते चोवीस तास चालवण्याचे वीजबिल, प्रशिक्षित कर्मचारी आणि साचलेल्या गाळाची विल्हेवाट यांचा भार सदनिकाधारकांवर येतो, आणि अनेक ठिकाणी केंद्र केवळ तपासणीपुरते सुरू होते. पिंपरी-चिंचवड महापालिकेने अशा सोसायट्यांना नोटिसा बजावल्या, नळजोड तोडण्याचा इशाराही दिला. येथे रहिवाशांची बाजूही लक्षात घेणे न्याय्य ठरेल: नदीसारख्या सार्वजनिक गोष्टीचे रक्षण शेकडो स्वतंत्र सोसायट्यांच्या मासिक वर्गणीवर सोपवणे ही धोरणाचीच कमकुवत बाजू आहे.

कारखान्यांचा वाटा आकारमानाने लहान असला तरी त्याचा स्वभाव निराळा आणि अधिक घातक असतो. भोसरी, तळवडे, चिखली, कुदळवाडी या भागांत सुट्या भागांवर धातूचा मुलामा चढवणारे, त्यांना पावडर कोटिंग किंवा उष्णता प्रक्रिया करणारे असंख्य लघुउद्योग आहेत. मुलाम्याच्या हौदांतील पाण्यात आम्ल, क्रोमियम आणि निकेल असते. नागरी सांडपाणी प्रक्रिया केंद्रे जिवाणूंच्या साहाय्याने चालतात. जड धातू त्या जिवाणूंना मारतात, स्वतः विघटित होत नाहीत आणि गाळात किंवा नदीच्या तळाशी साचून राहतात. म्हणून कारखान्याचे थोडेसे विषारी पाणी रात्री नाल्यात सोडले गेले तरी खालच्या बाजूचे कोट्यवधी रुपयांचे केंद्र निकामी होऊ शकते. मोठा कारखाना स्वतःची प्रक्रिया यंत्रणा उभारू शकतो. दहा कामगारांच्या कारखान्याला ते परवडत नाही, आणि म्हणूनच अनेक कारखान्यांचे पाणी एकत्र आणून शुद्ध करणाऱ्या सामूहिक प्रक्रिया केंद्राची मागणी येथील लघुउद्योजक दीर्घकाळ करीत आले आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने कुदळवाडी-चिखली परिसरातील भंगार दुकाने, गोदामे आणि लहान कारखान्यांवर मोठी पाडकाम मोहीम राबवली. वारंवार लागणाऱ्या आगी आणि त्यांचा विषारी धूर यांमुळे कारवाईची गरज नाकारता येत नाही. पण वाहन उद्योगाचा टाकाऊ माल वेगळा करून पुन्हा वापरात आणणारी ही जागा होती, तिला पर्यायी आणि सुसज्ज जागा आधी दिली असती तर तेच काम शास्त्रीय रीतीने होऊ शकले असते. जागा पाडल्याने टाकाऊ माल तयार होण्याचे थांबत नाही. तो आणखी एखाद्या गावाच्या शिवारात जातो.

इंद्रायणीची कथा मराठी माणसाच्या विशेष जिव्हाळ्याची आहे. लोणावळ्याजवळ कुरवंडे परिसरात उगम पावणारी ही नदी देहू आणि आळंदीवरून वाहत जाऊन तुळापूर येथे भीमेला मिळते. मावळातील वडगावच्या भात संशोधन केंद्राने १९८७ मध्ये प्रसारित केलेल्या सुवासिक भाताच्या वाणाला याच नदीचे नाव दिले गेले आणि तो तांदूळ आज महाराष्ट्रभर खाल्ला जातो. आता आळंदीच्या घाटाजवळ बंधाऱ्याखाली पांढऱ्या फेसाचे थर वर्षातून अनेकदा दिसतात. कपड्यांच्या व भांड्यांच्या साबणांत आणि औद्योगिक धुलाईत वापरली जाणारी रसायने पाण्याचा पृष्ठताण कमी करतात, असे पाणी बंधाऱ्यावरून उंचावरून पडले की त्यात हवा घुसळली जाऊन फेस होतो आणि सेंद्रिय घाणीमुळे तो लवकर विरत नाही. म्हणजे फेस दिसतो तेथे प्रदूषण झालेले नसते. ते वरच्या अंगाला कोठेतरी आधीच झालेले असते. आषाढीच्या प्रस्थानापूर्वी किंवा कार्तिकी यात्रेच्या दिवसांत फेसाची छायाचित्रे वृत्तपत्रांत येतात, अधिकारी नमुने घेतात, काही कारखान्यांना नोटिसा जातात, आणि पालखी पुढे गेली की प्रश्नही मागे पडतो.

पाणी मात्र थांबत नाही. पवना दापोडीजवळ मुळेला मिळते, मुळा पुण्यात मुठेला, मुळा-मुठा पुढे रांजणगाव सांडसजवळ भीमेला. माणच्या ओढ्यांतील, पिंपरीच्या नाल्यांतील आणि चाकणच्या खोल्यांमागील पाणी शेवटी एकाच ठिकाणी, उजनी धरणात जमा होते. तेथील साठ्यात नत्र आणि स्फुरदाचे प्रमाण वाढल्याने शेवाळ व जलपर्णी फोफावते, पाण्याला हिरवी झाक आणि दर्प येतो. सोलापूर शहर हे पाणी पिते, त्यावर ऊस आणि डाळिंबाच्या बागा उभ्या आहेत, आणि उजनीखालीच भीमा चंद्रभागा होऊन पंढरपूरला वळसा घालते. देहू-आळंदीहून निघालेले वारकरी आणि देहू-आळंदीहून निघालेले सांडपाणी अखेर एकाच तीर्थाला पोहोचते, ही गोष्ट महाराष्ट्राने जितक्या गांभीर्याने घ्यायला हवी तितकी घेतलेली नाही. अर्थशास्त्रात अशा परिणामांना बाह्य परिणाम म्हणतात: एखाद्या व्यवहाराची किंमत त्या व्यवहारात सहभागी नसलेल्या तिसऱ्याच माणसाला मोजावी लागते, आणि ती वस्तूच्या दरात कोठेही दिसत नाही. चाकणमध्ये तयार झालेल्या मोटारीच्या किमतीत सोलापूरच्या नळाचा वास धरलेला नसतो.

वरून येणारे स्वच्छ पाणी कोणाचे, हा प्रश्न या पट्ट्यात रक्ताळलेला आहे. पिंपरी-चिंचवडची तहान मुख्यतः मावळातील पवना धरणावर भागते. धरणातून नदीत सोडलेले पाणी रावेतच्या बंधाऱ्यापाशी उपसले जाते. ते वाटेत दूषित होऊ नये आणि गळती टळावी म्हणून धरणापासून थेट बंद जलवाहिनीची योजना आखली गेली. धरणासाठी जमिनी गेलेल्यांचे पुनर्वसन पूर्ण झालेले नसताना नदीकाठच्या शेतीचे पाणीही जाईल, या भीतीने मावळातील शेतकऱ्यांनी विरोध केला आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती महामार्गावर बऊर येथे झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा मृत्यू झाला. त्यानंतर योजना दशकभर ठप्प राहिली. शहराची बाजू पोकळ नव्हती: रावेतच्या वरच्या अंगाची गहुंजे, सांगवडे यांसारखी गावेही आता वेगाने बांधली जात आहेत आणि त्यांचे सांडपाणी शहराच्या उपसा केंद्राच्या आधीच नदीत येऊ शकते. पण शेतकऱ्यांचा संशयही निराधार नव्हता. शहराला दिलेले पाणी परत मिळत नाही, हा त्यांचा पिढ्यांचा अनुभव होता. नोव्हेंबर २०१९ पासून पिंपरी-चिंचवडला एक दिवसाआड पाणी मिळते. आंद्रा आणि भामा आसखेड धरणांतून मिळून रोज २६ कोटी ७० लाख लिटर पाणी आणण्याचे नियोजन झाले असून आंद्राचे पाणी चिखलीच्या शुद्धीकरण केंद्रात येऊ लागले आहे. या नव्या पाण्याच्याही ८० टक्के भागाचे सांडपाणी होणार आहे, हे त्या योजनांच्या स्वागतात क्वचितच बोलले जाते.

माणच्या तालुक्याला तर अशा व्यवहाराची शंभर वर्षांची आठवण आहे. मुंबईला वीज देण्यासाठी टाटा कंपनीने मुळा आणि निळा नद्यांच्या संगमावर बांधलेल्या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात येथील मावळ्यांनी सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला, तो जगातील अगदी सुरुवातीच्या धरणविरोधी लढ्यांपैकी एक मानला जातो. सत्याग्रह हरला, गावे बुडाली, आणि मुळेचे पाणी सह्याद्रीचा कडा उतरून भिऱ्याच्या वीजगृहातून कोकणात जाऊ लागले. आज त्याच मुळशी धरणाचे पाणी पूर्वेकडील नव्या शहरांसाठी वळवावे अशी मागणी जोर धरत आहे. मुळेत मूळचे पाणी कमी येते आणि मैलापाणी अधिक येते, यामागे धरणाचा हा जुना निर्णय आणि शहरीकरणाचा नवा वेग असे दोन्ही घटक आहेत.

माण आणि हिंजवडीत अलीकडे सर्वांच्या नजरेत भरलेले संकट पाण्याच्या अभावाचे नसून अचानक येणाऱ्या पाण्याचे आहे. २०२५ च्या जूनमध्ये पहिल्याच जोरदार पावसात उद्यानातील रस्त्यांवरून लोंढे वाहिले आणि माहिती तंत्रज्ञानाच्या राजधानीतील या दृश्यांची देशभर चर्चा झाली. त्यामागील गणित अवघड नाही. एक हेक्टर जमिनीवर एक सेंटिमीटर पाऊस पडला की एक लाख लिटर पाणी जमा होते. शंभर हेक्टरवर पाच सेंटिमीटर पडला तर पाच कोटी लिटर. पूर्वी यातील मोठा भाग खाचरांच्या बांधांमागे थांबत असे, काही मुरुमात झिरपत असे आणि उरलेला ओढ्यांतून सावकाश मुळेकडे जात असे. दख्खनचा बेसॉल्ट खडक लाव्हारसाच्या थरांवर थर साचून झालेला आहे. तो स्वतः पाणी फारसे धरत नाही, त्याच्या वरचा झिजलेला मुरमाड थर, भेगा आणि दोन थरांमधील सांधे हेच पाण्याचे कोठार असते. या भूगोलात ओढा ही सांडपाणी वाहून नेण्याची रिकामी जागा नसून भूजल भरण्याचे मुख्य द्वार असते. डोंगरउतार सपाट करून, खाचरे भरावाखाली बुजवून आणि ओढे पाइपात कोंबून वा वळवून जमीन काँक्रीटखाली गेली की एकाच कृतीतून दोन संकटे जन्मतात: पावसाळ्यात रस्त्यावर पूर आणि उन्हाळ्यात कोरड्या कूपनलिका. म्हणूनच जून महिन्यात तळघरातून पाणी उपसणारी संकुले एप्रिल-मे महिन्यात टँकरची वाट पाहतात. महापालिका किंवा प्राधिकरण पुरेसे पाणी देऊ शकेपर्यंत पाण्याची सोय आम्ही करू, अशा विकासकाच्या हमीपत्रांवर या परिसरात इमारती उभ्या राहिल्या. विकासक बाजूला झाला की हमीपत्राचा अर्थ सोसायटीच्या खर्चाने आणलेला टँकर एवढाच उरतो, आणि तो टँकर बहुतेकदा जवळच्याच एखाद्या गावाच्या विहिरीवर किंवा कूपनलिकेवर भरलेला असतो.

नदीकाठाच्या रक्षणासाठी राज्याकडे एक चांगले साधन होते. २००० साली आणलेल्या आणि २००९ मध्ये सुधारलेल्या नदी नियमन क्षेत्र धोरणाने नद्यांच्या पट्ट्यांची वर्गवारी करून प्रदूषणकारी उद्योग नदीपासून किती अंतरावर असावेत हे ठरवले होते. उद्योगांना त्याचा अडथळा होतो या कारणाने फेब्रुवारी २०१५ मध्ये ते रद्द करण्यात आले. नियंत्रणाची अन्य साधने पुरेशी आहेत असा युक्तिवाद तेव्हा झाला. पुढील दशकातील इंद्रायणी आणि पवना पाहता तो युक्तिवाद मान्य करणे कठीण आहे. उरली ती पूररेषा. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचे पाणी जेथवर पोहोचते ती निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते. चिखली येथे इंद्रायणीच्या निळ्या रेषेत उभे राहिलेले ३६ बंगले राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २०२४ च्या आदेशानुसार आणि सर्वोच्च न्यायालयाने दिलासा नाकारल्यावर मे २०२५ मध्ये पाडण्यात आले. कायदा चालला, याचे समाधान मानायला हरकत नाही. तरी नदीकाठचे भूखंड विकले जात होते, भिंती चढत होत्या आणि वीजजोड दिले जात होते, त्या साऱ्या काळात कोणीही थांबवले नाही, आणि आयुष्याची कमाई गमावलेली कुटुंबे ही या विलंबाचीच बळी आहेत.

क्रम बदलता येतो का, या प्रश्नाचे उत्तर याच पट्ट्यात आहे. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरणाने निगडी-आकुर्डी परिसरात आधी जमीन संपादित केली, रस्ते आणि वाहिन्या आखल्या आणि मग भूखंड वाटले. त्या पेठांमध्ये आजही झाडांच्या रांगा, मोकळ्या जागा आणि सुस्थितीतील मलनिस्सारण दिसते. त्याची किंमत मूळ शेतकऱ्यांनी भरली, साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळण्यासाठी त्यांना दशकानुदशके झगडावे लागले, आणि हे शल्य विसरून त्या नियोजनाची स्तुती करता येणार नाही. परंतु मैलावाहिनी घराच्या आधी टाकता येते, एवढे तेथे सिद्ध झाले आहे.

माणमध्ये असा क्रम लावणारा एक धनी नाही. भूखंड आणि त्यातील रस्ते एमआयडीसीचे, गावठाण ग्रामपंचायतीचे, बांधकाम परवाने २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे, काही रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाचे, प्रदूषणाची तपासणी राज्य मंडळाची आणि नदी जलसंपदा विभागाची. प्राधिकरणाचा प्रारूप विकास आराखडा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि अंतिम होण्याआधीच रद्द झाला. इमारती मात्र त्या काळात थांबल्या नाहीत. हिंजवडी, माण, मारुंजी, नेरे, जांबे, सांगवडे आणि गहुंजे ही सात गावे पिंपरी-चिंचवड महापालिकेत घ्यावीत, अशी मागणी संकुलांतील रहिवासी आणि कंपन्या करतात, तर करवाढ होईल आणि गावाचा निर्णयाधिकार जाईल, या चिंतेने ग्रामस्थांतून विरोधही होतो. दोन्ही बाजूंना आपले म्हणणे आहे. पण १९९७ मध्ये महापालिकेत गेलेल्या गावांचा अनुभव पाहता केवळ हद्द बदलल्याने नाला स्वच्छ होत नाही, हेही ध्यानात ठेवावे लागते. हवेची स्थिती याच पोरकेपणाची आणखी एक खूण आहे: वाकड, पुनावळे, माण या भागांतील तयार काँक्रीटचे प्रकल्प, उघडे भराव आणि कोंडलेल्या रस्त्यांवरील अवजड वाहने यांची धूळ कोणत्याच एका कार्यालयाच्या हद्दीत मोजली जात नाही. कचऱ्याचेही तसेच. महापालिकेचा मोशी येथील कचऱ्यापासून १४ मेगावॉट वीज निर्माण करणारा प्रकल्प २०२३ मध्ये सुरू झाला, पण हद्दीबाहेरच्या ग्रामपंचायतींना कचरा टाकायला गायरानाचा कोपरा किंवा ओढ्याचा काठ याव्यतिरिक्त फारसे काही उपलब्ध नसते.

यातील बरीच कामे मोठी, खर्चिक आणि दीर्घकाळ चालणारी आहेत. एक मात्र आजच होऊ शकते. पूररेषा नद्यांच्या आखल्या गेल्या आहेत, माणसारख्या गावांतील ओढ्यांच्या फारशा नाहीत. परंतु भूमी अभिलेख कार्यालयात जपलेल्या जुन्या गावनकाशांवर प्रत्येक ओढा त्याच्या वळणांसह काढलेला आहे. त्या नकाशांवरून ओढ्यांची मोजणी करून त्यांच्या हद्दीचे दगड रोवणे, ती हद्द बांधकाम परवान्याच्या प्रत्येक नकाशावर बंधनकारक करणे आणि शेजारचा भूखंड विकण्यापूर्वी ती गावसभेत वाचून दाखवणे, यासाठी नवा कायदा लागत नाही. उद्यानाच्या पुढील टप्प्यासाठी माणच्या शेतकऱ्यांकडे पुन्हा जमिनी मागितल्या जात असताना, ज्या खाचरांतून हे ओढे अजून वाहतात त्यांची ही मोजणी संपादनाच्या आधी होणार की नंतर, हे ग्रामपंचायत, एमआयडीसी आणि प्राधिकरण यांनी ठरवायचे आहे.